अतिरिक्त कारभार

फेब्रुवारीत कॅमेरे उतरवले.
चौऱ्याऐंशी कार्डं पोह्यांच्या डब्यात भरून
मडावीबाईंनी माझ्या टेबलावर आणून ठेवली.
"लाखभर फोटू हायेत म्हणे. अर्धे त गवताचेच असन."

अर्धे नव्हते. दहातले नऊ गवताचे होते.
वारा आला, गवत हललं, कॅमेरा दचकून जागा झाला.
उरलेल्यांत रानडुकरं, सरपणाच्या मोळ्या,
काच चाटून पाहणारं एक अस्वल,
आणि मध्येच, कुणी न बोलावता, वाघ.

रेंज ऑफिसातला कॉम्प्युटर नवा.
खोक्यावर कोअर आठ लिहिलेले,
पडद्यावर मात्र सोळा चौकोन उड्या मारतात.
मडावीबाईंनी ते बोट लावून मोजले,
ओल्या रेतीतले ठसे मोजावेत तसे.
"आठाचे सोळा कायनं झाले?"

मी म्हटलं, एकेकाच्या अंगावर दोन कामं टाकलीत.
पहिल्याचा फोटो मेमरीतून निघून पोचेपर्यंत
हात नुसते रिकामे राहतात;
तेवढ्यात ते दुसऱ्याचं उरकतात.
हात तेच, वाढलेले नाहीत.
फक्त वाट पाहणं वाया जात नाही.

"असं व्हय," त्या म्हणाल्या,
आणि बूट काढून वाळू झटकत बसल्या.

शेजारची बीट गेल्या दिवाळीच्या आधीपासून रिकामी.
आदेश एका ओळीचा: अतिरिक्त कारभार, श्रीमती मडावी.
दोन डायऱ्या, दोन नकाशे, बुटांचा जोड एक.
"पाणवठ्यावर टँकरची वाट पाहता पाहता
तिकडचं रजिस्टर लिहून टाकतो मी. तेवढं निभते.
पण दोन्हीकडं संगच धूर दिसला त..."
पुढचं त्यांनी बुटातच झटकलं.

साहेबांचा पुतण्या नागपुरात असतो.
फोनवर म्हणाला, बंद करून टाका ते, नुसता आकड्यांचा देखावा आहे.
देखावा आहे की नाही हे मला
भिंतीवरच्या घड्याळात पाहायचं होतं.
त्या निळ्या पडद्यात शिरून बंद केलं, पुन्हा चालू केलं,
दोन रात्री, लाइट दोनदा गेली ते वजा करून.

गवत वेगळं काढायला:
चालू असताना चार तास दहा मिनिटं,
बंद असताना पाच तास पाच.
म्हणजे पुतण्या चुकला.

मग पट्टे जुळवायला घेतले.
हा पट्टा त्या पट्ट्याशी, तो पुढच्याशी,
वाट पाहणं कुठंच नाही, निव्वळ हिशेब.
बंद असताना दोन तास पंचवीस,
चालू असताना दोन चाळीस,
आणि पंखा असा घुमायला लागला
की मागची पाल खिडकीवर गेली.
एका ताटात दोघं बसले होते
आणि दोघांनाही खरोखरची भूक होती.
म्हणजे पुतण्या बरोबरही होता.

यादीत वाघ अकरा आले.
मडावीबाईंनी चार नंबर आणि नऊ नंबर
शेजारी शेजारी लावायला सांगितले.
चारचं फक्त डावं अंग, नऊचं फक्त उजवं.
समोरचा कॅमेरा दोन्ही वेळा मेलेला.
"एकच हाय थो. इकडून गेला, तिकडून आला.
शेपटीची गाठ पाय."
पाहिली. तीच गाठ, दोन्हीकडे.
आम्ही अकराचे दहा केले.

मी चिठ्ठी लिहून खोक्याला चिकटवली:
गवताला चालू, पट्ट्यांना बंद.

शेवटी अहवालाचा फॉर्म भरला.
बीट: दोन. वनरक्षक: एक.
चौकट लाल झाली.
बीटइतकेच वनरक्षक हवेत, असं काहीसं म्हणाली.
मी पुन्हा एक टाकला, ती पुन्हा लाल.
मडावीबाई दारात उभ्या, हातात रिकामा डबा,
तिकडच्या बीटवरून कुणाचा तरी फोन येत होता.
"टाका ना दोन," त्या म्हणाल्या, "कायले अडून बसता?"
आणि फोन उचलत उतरल्या.

मी अजून दोन टाकलेला नाही.
चौकट लुकलुकते आहे.
आतले सोळा चौकोन स्वस्थ आहेत,
वाट पाहण्याचं कामही सध्या कुणाला नाही.